एकेचाळीस फूट दोन इंच

"कडा कापल्या गेल्यात," ती म्हणाली.

झेरॉक्सवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "अक्षरं तर सगळी आलीत की, ताई."

"अक्षरं आलीत. कडा नाही आल्या. परत काढा."

कोर्टासमोरचं ते दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी जागा. बाहेर पाऊस होता, म्हणून आत सात माणसं होती. मागून कुणीतरी हसलं.

"कडेला काही लिहिलेलंच नाहीये," हसणारा म्हणाला.

ती वळली नाही. "म्हणूनच. काही लिहिलेलं नाही, हे दिसायला हवं. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, लिहिलेलं होतं, तुम्ही कापलंत."

मग मागून हलक्या आवाजात, "हे मला सुचायला हवं होतं…"

तेव्हा मात्र तिने वळून पाहिलं. उंच माणूस, छताला डोकं लागेल की काय अशा बेताने वाकून उभा. काखेत नकाशांची गुंडाळी, ती प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळलेली. आणि छत्रीचं पाणी सरळ स्वतःच्या बुटात गळत होतं, त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

"तुमचा बूट भरतोय," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. "किती भरला?"

"अर्धा."

"मग अजून जागा आहे."

ती हसली. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. त्या गल्लीत ती तीन वर्षं येत होती, आणि त्या गल्लीत हसायला कोणी येत नाही.

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तिचे वडील, अप्पा, शहाणे होते. पायरी त्यांच्या थोरल्या भावाने चढायला लावली. अप्पांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लोकांना वर चढवलं आणि आपण तळमजल्यावर राहिलो, असं ते स्वतःच सांगत. राहतं घर आजोबांचं. आजोबांनी मरताना एक कागद लिहून ठेवला होता: पुढच्या भिंतीपासून एकेचाळीस फूट दोघा भावांचं, त्यामागच्या मोकळ्या जागेत जो बांधील, ते त्याचं. मागचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली खोली अप्पांनी बांधली होती, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, एकेक वीट रचून. त्याच खोलीत तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिथेच गेली.

आता काका म्हणत होते की स्वयंपाकघराची अलीकडची भिंत एकेचाळीस फुटांच्या आतच उभी आहे. म्हणजे बांधलं ते सामाईक जागेत. म्हणजे सगळंच सामाईक. असं घर मधोमध कापता येत नाही, तेव्हा विकून टाका. भिंत रेषेच्या पलीकडे असेल तर मात्र मागचा भाग अप्पांचा, आणि अप्पांना तिथून कोणी हलवू शकत नव्हतं.

सगळं त्या एका मापावर येऊन ठेपलं होतं. ते माप घ्यायला कोर्टाने एक मोजणीदार नेमला होता, आणि त्याची तारीख दहा वेळा पुढे गेली होती.

अकराव्या तारखेला, गुरुवारी सकाळी दहाला, दार तिनेच उघडलं.

"बूट सुकला?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग त्याच्या हातातला शिक्क्याचा कागद तिला दिसला.

त्याचाही चेहरा आधी उजळला आणि लगेच सरकारी झाला. "मी मोजणीदार. कोर्टाकडून आलोय. मॅडम, आपण आधी भेटलो होतो हे…"

"कडांवरून वाद झाला होता, एवढंच. तो मिटलाय."

"निकाल कुणाच्या बाजूने?"

"माझ्या. तुम्ही तिथेच कबूल केलंत."

त्याने ओठ दाबून हसू आवरलं. तेवढ्यात पुढच्या खोलीतून काका आले. त्यांनी हजेरीच्या कागदावर सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मोजा, काय मोजायचं ते. इंच न् इंच मोजा. माझा भाऊ मला फुटांत कळला नाही, इंचांत कळतो का बघू." आणि वर्तमानपत्र उघडून आत जाऊन बसले. काकू पुढच्या खिडकीत शेंगा सोलत बसली होती. लहानपणी तिची वेणी घालणारी हीच काकू. आता तीन वर्षं समोरासमोर आल्या की दोघीही जमिनीकडे बघत.

स्वयंपाकघरात अप्पांनी चहा टाकला होता. मोजणीदाराने हात जोडले. "पक्षकारांच्या घरचं पाणीसुद्धा घेता येत नाही मला."

"अहो, पाण्याला घाबरू नका," अप्पा म्हणाले. "माझी मुलगी पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडचं पाणी म्हणजे चारित्र्याचा दाखला घेतलेलं पाणी."

तो हसला, पण प्यायला नाही. मग त्याचा फोन वाजला. त्याच्यासोबत टेप धरायला येणारा जोडीदार गुडघाभर पाण्यात अडकलेल्या बसमध्ये बसून होता, आणि बस काही हलत नव्हती.

"मग आज होणार नाही," मोजणीदार म्हणाला. "टेपला दोन माणसं लागतात. पुढची तारीख घ्यावी लागेल."

अप्पांनी हातातला कप खाली ठेवला. ते भिंतीला टेकले, आणि तिला दिसलं की ते म्हातारे झालेत. कालपर्यंत नव्हते.

"मी धरते दुसरं टोक," ती म्हणाली.

"तुम्ही पक्षकार आहात."

"अप्पा पक्षकार आहेत. मी पक्षकाराची मुलगी आहे."

"कोर्टाला त्याने फरक पडत नाही."

"टेपला पडतो?"

याला उत्तर होतं, आणि ते त्याला माहीत होतं. पण तो तिच्याकडे बघत राहिला… आणि मग त्याने टेपचं टोक तिच्या हातात दिलं.

"शून्य भिंतीला टेकवून धरायचं," तो म्हणाला. "मी विचारणार, शून्य? तुम्ही बघायचं, टोक बरोबर आहे ना, आणि मगच म्हणायचं, शून्य. त्याशिवाय मी आकडा वाचत नाही. आणि ओढून धरा. झोळ पडला तर—"

"माप वाढतं. माहीत आहे." ती टोकाकडे डोळे बारीक करून बघत होती. "तुमचं शून्य झिजलंय."

"माझं?"

"टेपचं."

"किती?"

"अंदाज मी करत नाही," असं म्हणून तिने पर्समधून छोटी पट्टी काढली. तो आधी पट्टीकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. पर्समध्ये पट्टी ठेवणारी बाई त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली असावी. मग त्याने मुकाट्याने पिशवीतून नवा टेप काढला.

खोल्या झाल्या, दारं झाली, खिडक्या झाल्या. "शून्य?" "शून्य." "शून्य?" "शून्य." पहिल्या पाच-सात वेळा तो नुसता कामाचा शब्द होता. मग त्याच्या विचारण्यात काहीतरी यायला लागलं, आणि तिच्या सांगण्यातही. माणसं एकमेकांना काय काय लाडाने म्हणतात. त्यात हा शब्द कोणी कधी वापरला नसेल. पण अकरा वाजेपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्या एका शब्दासाठी ती पुढच्या खिडकीची वाट बघत होती.

"एवढं हळू का म्हणताय?" त्याने मधल्या खोलीतून विचारलं.

"शून्य मोठ्याने म्हटलं तरी शून्यच."

"मला ऐकायला आवडतंय म्हणून म्हटलं…"

पुढच्या वेळी ती जरा मोठ्याने म्हणाली.

शेवटी मुख्य माप राहिलं. ती पुढच्या दाराबाहेर पायरीवर गुडघे टेकून बसली, टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावून. तो टेप सोडत सोडत आत गेला. एक दार, दुसरं दार, तिसरं दार… आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी उभा राहिला. तीनही चौकटी एका रेषेत होत्या. त्या चौकटींच्या आत चौकटी आणि सगळ्यांत आत तो, खिडकीच्या उजेडात, केस ओले, टेप ताणून धरलेला. पाऊस इतका वाढला होता की त्याचा आवाज येत नव्हता; नुसते ओठ हललेले दिसले.

"शून्य!" ती ओरडली.

ती त्याच्याकडे बघत होती.

"एकेचाळीस फूट…" आता तोही ओरडला. आत अप्पांनी श्वास रोखला असावा. "…दोन इंच."

मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना. अप्पांनी मोजणीदाराचे दोन्ही हात धरले होते. ती धावत आत गेली. मोठं माप दोनदा घ्यायचं असतं, एकदा इथून तिथे, एकदा तिथून इथे, आणि दोन्ही जुळले तरच लिहायचं. हे त्याला माहीत होतं आणि तिला सांगायची गरज नव्हती. पण अप्पा रडत होते, आणि ती दाराशी उभी राहून हसत होती, आणि तो तिचं हसणं बघत होता. टेप गुंडाळला गेला.

पुढच्या खिडकीत काकूचे हात शेंगांवर थांबले होते. काकूने टेप पाहिला नव्हता. तिने पोरीचा चेहरा पाहिला होता.

आठ दिवसांत अहवाल कोर्टात गेला. नवव्या दिवशी मोजणीदार लॅबच्या दाराशी उभा होता.

"आता मला तुमच्याकडचं पाणी चालतं," तो म्हणाला.

तिने आतून ग्लास आणून दिला. त्याने तो एका दमात संपवला, जणू त्या गुरुवारपासून तहानलेलाच होता.

"कसं आहे?"

"चव नाही काही."

"चांगल्या पाण्याला चव नसते."

"मग चांगलं आहे हे ओळखायचं कसं?"

"तपासून. दुसरा मार्ग नाही."

"किती दिवस लागतात?"

"पाण्याला दोन," ती म्हणाली. "माणसाला जास्त."

त्याला घाई नव्हती. तो पावसाळाभर येत राहिला. लॅबमागच्या पायऱ्यांवर पत्र्याखाली दोघं बसत, चहाचे दोन कप मध्ये ठेवून. सुरुवातीला मध्ये दोन कप आणि तिची छत्री असे. मग छत्री भिंतीला गेली. तो आपल्या कामातल्या गमती सांगे. एका मापात झाड आडवं आलं तेव्हा झाडाच्या मालकाने त्यालाच विचारलं होतं, की साहेब, फांदी कुणाची? ती सांगे, ब्युरेटच्या काचनळीतून एकेक थेंब सोडत रंग बदलायची वाट कशी बघायची.

"एका थेंबाने बदलतो?"

"एकाच. त्याच्या आधीच्या थेंबापर्यंत काही म्हणजे काही कळत नाही."

"तुझ्या लक्षात राहतं, कितवा होता?"

ती म्हणाली, "'तुम्ही' कुठे गेलं?"

"पावसात वाहून गेलं वाटतं…" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "शोधू?"

"नको," ती म्हणाली. "मिळायचं नाही आता."

घरी अप्पांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग द्यायला काढला. खोकत खोकत, स्टुलावर चढून. "दोन इंच," ते भिंतीला सांगत. "दोनच इंच, पण आपले." ती खालून स्टूल धरून उभी राही आणि तिला वाटे, एवढं सुख एका घरात मावतं कसं.

मावत नव्हतं. एक दिवस समन्स आला. काकांच्या वकिलांना मोजणीदाराची उलटतपासणी घ्यायची होती.

तो समन्स घेऊनच पायऱ्यांवर आला. त्या दिवशी त्याने चहाला हात लावला नाही.

"ते विचारतील, टेप कोणी धरला."

"कशाला विचारतील? काका वर्तमानपत्रात होते, काकू शेंगांत."

"विचारलं तर?"

"तर सांग, जोडीदाराने धरला." हे ती इतकं पटकन बोलली की तिचा तिलाच धक्का बसला. कडा कापलेली झेरॉक्स न चालणारी ती. पण थांबली नाही. "ती खोली आहे ना मागची… आईच्या खाटेच्या पायांचे चार खळगे आहेत तिथे फरशीत. अप्पा रोज तिथून झाडू मारतात, खळगे चुकवून. ते दुसरीकडे जगणार नाहीत. आणि माप खरंच आहे. खरं माप वाचवायला एक खोटं—"

ती थांबली. माप खरं आहे? त्या क्षणी तिचा अंगठा कुठे होता? टोक भिंतीला होतं, की तिच्या बघण्याबरोबर ते दोन-चार बोटं बाहेर सरकलं होतं? तिने आठवून पाहिलं. तिला केस आठवले, उजेड आठवला, ओठ आठवले. अंगठा आठवला नाही.

निघताना त्याने तिची छत्री भिंतीपासून उचलून तिच्या हातात दिली, आणि क्षणभर सोडली नाही.

कोर्टात पंख्याखाली ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. अप्पा पहिल्या बाकावर, शेजारी ती. दुसऱ्या बाजूला काका, त्यांच्यामागे काकू. काकांचे वकील किरकोळ अंगाचे आणि फार नम्र होते.

"मोजणीदार साहेब, टेपला टोकं किती असतात?"

"दोन."

बाकावर कोणीतरी हसलं.

"एक तुमच्या हातात होतं. दुसरं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने अगदी किंचित मान हलवली. नको. विनवणीच होती ती. आयुष्यात तिने कुणाला एवढं काकुळतीला येऊन काही मागितलं नव्हतं.

"प्रतिवादींच्या मुलीच्या हातात," तो म्हणाला.

अप्पा आपल्या हातांकडे बघायला लागले.

"माप दोनदा घेतलंत?"

"नाही."

"का बरं?"

"माझं लक्ष मापावर नव्हतं."

"असं. मग कशावर होतं?" वकिलांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "त्या मुलीचा आणि तुमचा काही संबंध?"

"त्या दिवशी नव्हता."

"आणि आज?"

पाऊस क्षणभर थांबल्यासारखा वाटला. थांबला नव्हता.

"आज आहे. माझ्याकडून आहे," तो म्हणाला. "त्यांच्याकडचं मला सांगता येणार नाही. मी विचारलेलं नाही. विचारायचं होतं… पण आधी ही साक्ष होऊ दे, असं ठरवलं होतं."

खाली बसलेल्या टायपिस्टने मान वर केली. "साहेब, 'माझ्याकडून आहे' हे घ्यायचं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "घ्या."

टक टक टक टक. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मनातलं सांगितलं होतं, आणि ते तीन प्रतींत टाइप होत होतं.

अहवाल रद्द झाला. बाहेर पायऱ्यांवर काकू तिच्यासमोर आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पदराने ते झाकून निघून गेली. घराच्या वळणावर अप्पा म्हणाले, "पोरगा खरं बोलला." दहा पावलांनंतर म्हणाले, "खरं बोलणाऱ्यांचं एक बरं असतं. त्यांना झोप लागते."

नवा मोजणीदार नेमायचं ठरलं. त्याची पहिली तारीख पडली, दुसरी पडली. अप्पांचा खोकला छातीत उतरला. तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी अर्धवट रंगवलेल्या भिंतीपाशी स्टूल उलटं करून ठेवलं आणि म्हणाले, "पुरे." आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून चावून तोंडात रक्ताशिवाय काही उरलं नव्हतं. त्यांनी विक्रीच्या कागदावर सही केली. सही करताना काका रडले, हेही खरं आहे. पाण्यात काठी मारून पाणी दुभंगत नाही म्हणतात. पण ती पाणी तपासणारी होती, आणि तिला माहीत होतं की गढूळ झालेलं पाणी पुन्हा निवळायला एक आयुष्य पुरतंच असं नाही.

घर सोडायच्या दिवशी सामान निघून गेल्यावर ती एकटी मागे राहिली. हातात टेप होता. दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. भिंतीत एक खिळा ठोकला असता तरी टोक अडकलं असतं, आणि पाच मिनिटांत कळलं असतं. एकेचाळीस फूट दोन इंच असतं, तर हातचं खरं घर हरवलं होतं. एकेचाळीसच्या आत असतं, तर त्या दिवशी त्याच्याकडे बघताना तिचा अंगठा सरकला होता, आणि अप्पांचे ते आनंदाचे तीन महिने तिने रचलेलं खोटं होतं. दोन्हींतलं कुठलं बरं, हे तिला ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ती न मोजता परत आली. आठवड्याने पाडकामाचं यंत्र आलं आणि त्याने पहिल्यांदा पुढचीच भिंत पाडली. आता ते माप जगात कुणालाच घेता येणार नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तो आला तेव्हा ते भाड्याच्या जागेत, तिसऱ्या मजल्यावर राहत होते. ती लॅबमधून परतत होती. इमारतीच्या दाराशी, पन्हळीचं पाणी पडत होतं त्याच्या अलीकडे, तो उभा होता. त्याच्याकडे छत्री नव्हती.

"कोर्टाच्या यादीतून माझं नाव काढलं," तो म्हणाला. "दुसरीकडे काम मिळालंय. रस्त्याचं. लांब आहे."

"कधी?"

"आज. चारची गाडी."

तिने घड्याळ पाहिलं नाही.

"मी तुझं घर घालवलं," तो म्हणाला. "मला खोटं बोलायचं होतं. शपथ. उत्तर पाठ करून आलो होतो. पण त्या दिवशी तू 'शून्य' म्हणालीस, तेव्हा तू भिंतीकडे बघत नव्हतीस. मला दिसत होतं. तू माझ्याकडे बघत होतीस. आणि तरी मी आकडा वाचला… कारण तुला मान खाली घालायला सांगायचं माझ्या जिवावर आलं."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"तू खोटं बोलायला हवं होतंस," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"लोक म्हणतात तसं मला म्हणता येत नाही, की खोटं बोलला असतास तर मनातून उतरला असतास. नसतास उतरला. मी घरात राहिले असते, तुझ्याशी लग्न केलं असतं, आणि सुखात असते. मी एवढीच आहे." तिचा आवाज शांत होता, लॅबमध्ये आकडे वाचावेत तसा. "आणि तू खरं बोललास म्हणून तू मला आधीपेक्षा जास्त आवडतोस. हे तिथे विचारलं नव्हतं कुणी. माझ्याकडूनही आहे. लिहून घ्यायला आज कोणी नाही, एवढंच."

"मग ये ना माझ्याबरोबर… आज नाही तर पुढच्या महिन्यात. अप्पांना घेऊन ये."

"तुझ्याकडे पाहिलं की मला स्वयंपाकघर दिसतं," ती म्हणाली. "तुझ्यामागे ती भिंत असते. रोज सकाळी उठून मी तुझ्याकडे बघायचं, आणि अप्पांनी माझ्याकडे… नाही जमणार रे."

त्याने हात पुढे केला आणि तिच्या कपाळावर चिकटलेली ओली बट एका बोटाने बाजूला केली. इतक्या महिन्यांत त्याने तिला पहिल्यांदा स्पर्श केला होता.

"जपून राहा," तो म्हणाला, आणि पावसात निघाला. कोपऱ्यापर्यंत त्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली असती. हे त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने ती वर आली. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते.

"कोण होतं?"

"कोणी नाही."

"कोणी नाही अर्धा तास भिजत उभं राहतं होय?" अप्पा बाहेरच बघत होते. "वर का नाही आणलंस त्याला?"

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "तुम्हाला… चाललं असतं?"

अप्पांनी त्या खोलीवरून नजर फिरवली. दुसऱ्या कुणीतरी मारलेल्या खिळ्यांवरून, दुसऱ्या कुणाच्या तरी रंगावरून.

"आपल्या घरात नसतं चाललं," ते म्हणाले. "पण हे कुठे आपलं आहे. इथे कोणीही यावं."

ती खिडकीपाशी गेली. खाली रस्ता होता, पाणी होतं, कुणाच्या तरी मोटारीवर पडणारा पाऊस होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"गाड्या पावसात उशिरा सुटतात," अप्पा म्हणाले.

"ही वेळेवर सुटली असेल," ती म्हणाली. ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. ओल्या केसांतून पाणी फरशीवर गळत होतं.

"डोकं पूस. सर्दी होईल," अप्पा म्हणाले. ती हलली नाही, तेव्हा त्यांनीच दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तिचं डोकं पुसायला घेतलं. ती लहान असताना पुसत तसं, जरा जास्तच जोराने, कानामागून, कपाळावरून, डोळ्यांवरून. तिचे खांदे हलत होते. ते पुसत राहिले, पुसतच राहिले.

केस केव्हाच कोरडे झाले होते.